सर्व्हर बंद शे, सकाय या

वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

गेल्या अंकात मी बोलता बोलता लिहून गेले की देखभालीसाठी वेबसाइट बंद ठेवावीच लागते हा अर्धा गैरसमज आहे. त्यावर रावेरपासून शिरपूरपर्यंतच्या वाचकांनी उरलेल्या अर्ध्याची चौकशी केली. निवडक पत्रं घेतली आहेत. नावं कुणाचीच दिलेली नाहीत, कारण बऱ्याच पत्रांत साहेबांची गाऱ्हाणी आहेत. जळगावात बसून दुसऱ्यांचे सर्व्हर सांभाळणं हा माझा पोटापाण्याचा धंदा, तेव्हा उत्तरं त्या खुर्चीतूनच येणार.

*

ताई, आमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे. वेबसाइटवर रोज केळीचा भाव टाकतो, सभासद कापणीची नोंदही तिथेच करतात. साइट सांभाळणारा मुलगा दर रविवारी संध्याकाळी 'अपडेट' म्हणून दोन तास सगळं बंद करतो आणि फोन मात्र आम्हाला येतात. बंद न करता हे काम होत नाही का?
— एक संचालक, रावेर तालुका

होतं, दादा. पण आधी त्या मुलाला विचारा की रविवारची संध्याकाळ कोणी ठरवली. "सुटीच्या दिवशी कोण बघतं?" असं तो म्हणेल. ऑफिसात बसणाऱ्याचं हे उत्तर झालं. सोमवारी सकाळी ज्याच्या बागेत मजूर आणि ट्रक येणार आहे, तो रविवारी संध्याकाळीच भाव बघतो, दोन-दोनदा बघतो.

वेळ अंदाजाने ठरवायची नसते. सर्व्हरवर येणाऱ्या प्रत्येकाची नोंद एका फाइलमध्ये होत असते, तिला अॅक्सेस लॉग म्हणतात. महिनाभराचा लॉग घेऊन कोणत्या तासाला किती लोक आले एवढं मोजायला लावा. शेतीच्या साइटवर मला शांतता दिसते ती रात्री एक ते साडेतीन. चारनंतर नाही. रात्रपाळीची वीज असेल तर मोटार चालू करायला गेलेला माणूस बांधावर बसून मोबाइलच बघत असतो. आणखी एक: मध्यरात्रीनंतर दोन वाजता बहुतेक ठिकाणी बॅकअप आपोआप सुरू होतो. तो चालू असताना डेटाबेसला हात लावला तर दोन्ही कामं रखडतात. आधी ते वेळापत्रक बघा.

आता मूळ मुद्दा. तुमच्या साइटवर लोक दोन वेगळी कामं करतात. बहुतेक जण फक्त भाव वाचतात, काही जण नोंद लिहितात. देखभालीत अडते ती लिहिण्याची बाजू. वाचण्याची बाजू बंद करायला जवळजवळ कधीच कारण नसतं, पण आपल्याकडे मेन स्विच पाडायची सवय आहे.

वाचणं चालू ठेवायचे दोन रस्ते आहेत. पहिला, समोर इंजिनएक्ससारखा प्रॉक्सी, म्हणजे लोक आणि सर्व्हर यांच्या मध्ये बसणारा प्रोग्राम, उभा करायचा आणि त्याला पानांची प्रत जवळ ठेवायला सांगायचं. मागचा सर्व्हर उत्तर देईना तर तो जुनी प्रत पुढे करतो. त्यासाठी वेगळं काही लिहावं लागत नाही, सेटिंगची एक ओळ पुरते. मूळ सर्व्हर बिघडला तर शिळी प्रत चालवून घ्यावी, अशी सूचना पानासोबतच देण्याची रीतसुद्धा २०१० पासून लेखी ठरलेली आहे. दुसरा रस्ता मला जास्त आवडतो, कारण तो बिघडायला त्यात फारसं काही नाहीच. भाव टाकला की त्याच क्षणी त्याचं एक साधं एचटीएमएल पान तयार होऊन दुसऱ्या कुठल्या तरी स्वस्त होस्टिंगवर जाऊन बसेल अशी सोय करायची. त्यात डेटाबेस नाही आणि लॉगिनही नाही. मुख्य सर्व्हर उघडून त्याचे स्क्रू मोजत बसलात तरी भावाचं पान दिसत राहील.

मात्र त्या प्रतीवर तारीख आणि वेळ ठळक हवी, भावाच्या आकड्याच्या शेजारी, खाली कोपऱ्यात नाही. "शनिवार, संध्याकाळी सहाचा भाव" असं. हे टाळलंत आणि परवाचा भाव आजचा समजून कुणी व्यापाऱ्याशी सौदा करून बसला, तर साइट बंद होती तेच बरं होतं म्हणायची पाळी येईल. रावेरचा भाव आणि बऱ्हाणपूरचा भाव यांत क्विंटलमागे फरक पडला की काय बोलणी होतात ते तुम्हाला मी सांगायला नको.

नोंदीचा फॉर्म मात्र त्या वेळापुरता खरोखर बंद करा. उघडा ठेवून, सगळे रकाने भरून झाल्यावर 'एरर' दाखवणं हा सगळ्यात वाईट प्रकार. फॉर्मच्या जागी "नोंद पहाटे तीननंतर घेता येईल, घाई असेल तर या नंबरवर सांगा" एवढं लिहा. तो नंबर खरंच कुणी उचलतो ना, तेही बघा.

आणि दोन तास? नवी आवृत्ती शेजारच्या फोल्डरमध्ये पूर्ण मांडायची, तपासायची, मग सर्व्हरला फक्त नवीन फोल्डरकडे बोट दाखवायचं. त्याला सिमलिंक बदलणं म्हणतात. क्षणाचं काम आहे. बिघडलं तर बोट परत जुन्याकडे. तुमचा मुलगा बहुधा चालू फोल्डरमध्येच फायली एकावर एक ओततो आणि मग काय तुटलं ते शोधत बसतो. दोन तास त्यात जातात.

*

मॅडम, आमच्या महाविद्यालयाची वेबसाइट मागच्या महिन्यात तीन दिवस दुरुस्तीत होती. तेव्हा एक छान पान लावलं होतं. आता साइट सुरू आहे, पण गुगलवर महाविद्यालयाचं नाव टाकलं की खाली "वेबसाइटचे काम सुरू आहे" असंच दिसतं. प्रवेशाचे दिवस आहेत, पालक विचारतात.
— कार्यालय अधीक्षक, अमळनेर

सर, तुमचं पान माणसांसाठी छान होतं, यंत्राला मात्र ते खोटं सांगत होतं.

ब्राउझरला कुठलंही पान देताना सर्व्हर आधी एक आकडा पाठवतो, तो आपल्याला दिसत नाही. २०० म्हणजे सगळं ठीक, हेच खरं पान. ४०४ म्हणजे असं पान नाही. देखभालीसाठी वेगळा आकडा आहे, ५०३: सेवा सध्या उपलब्ध नाही, नंतर या. तुमच्या माणसाने 'काम सुरू आहे'चं पान २०० लावून दिलं. गुगलचा रोबो आला, त्याला वाटलं महाविद्यालयाने वेबसाइटच नवी केली आणि आता तिच्यावर एवढंच लिहिलेलं असतं. त्याने मुकाट्याने तसं नोंदवून घेतलं.

५०३ दिला असता तर तो जुनी नोंद तशीच ठेवून परत फिरला असता. त्यासोबत 'रिट्राय-आफ्टर' नावाची एक ओळ पाठवता येते. तिच्यात किती सेकंदांनी यायचं ते लिहायचं, तासाभरासाठी ३६००. पण ५०३ हीसुद्धा कायमची सवलत नाही. एक-दोन दिवसांपेक्षा जास्त काळ तेच उत्तर मिळत राहिलं तर पानं यादीतून गळायला लागतात. तीन दिवस दुरुस्ती चालणार असेल तर साइट बंद ठेवून करण्याचं ते कामच नव्हे. दुसरीकडे तयार करायचं आणि मग बदलायचं.

सगळ्या पत्त्यांवरून लोकांना एकाच 'मेंटेनन्स' नावाच्या पानावर ढकलणं, हाही प्रकार बघते मी पुष्कळ. ज्याला प्रवेशाची यादी हवी होती त्याचा पत्ताच बदलून जातो. साइट सुरू झाल्यावर तो पान रिफ्रेश करत बसतो आणि पुन्हा पुन्हा दुरुस्तीचंच पान बघतो. ज्या पत्त्यावर माणूस आला तिथेच ५०३ द्या.

तुमची साइट वर्डप्रेसवर आहे असं पत्रात पुढे लिहिलंय. वर्डप्रेस हे स्वतः नीट करतं. अपडेट चालू असताना ते '.मेंटेनन्स' नावाची छोटी फाइल तयार करतं, ५०३ देतं आणि ६०० सेकंदांनी या म्हणून सांगतं. अपडेट मध्येच अडकलं तर ती फाइल तशीच राहते आणि साइट बंदच दिसते. घाबरायचं नाही, ती फाइल काढून टाकली की साइट परत येते. दहा मिनिटांहून जुनी झाली की वर्डप्रेस तिच्याकडे दुर्लक्षच करतं. पण साइट आली म्हणजे अपडेट पूर्ण झालं असं समजू नका, अर्धवट राहिलेलं प्लगइन तपासा. तो इंग्रजी निरोप मराठीत हवा असेल तर 'डब्ल्यूपी-कंटेंट' फोल्डरमध्ये 'मेंटेनन्स.पीएचपी' नावाची फाइल ठेवता येते. मग ५०३ चा आकडा मात्र त्या फाइलमध्ये आपणच लिहायचा. ते विसरलं की तिथेच पुन्हा २०० जातो.

आत्ताचं दुखणं: गुगल सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या सोयीत जाऊन मुख्य पान पुन्हा तपासायची विनंती करा. प्रवेशाचं पानही त्याच वेळी द्या.

*

आमचं ऑनलाइन दाखल्यांचं केंद्र आहे. एका खात्याचं पोर्टल कधी बंद होईल सांगता येत नाही. पाड्यांवरून लोक काळीपिवळीत भाडं देऊन येतात, शाळेच्या दाखल्यासाठी मजुरी बुडवतात, आणि मला अहिराणीत एकच वाक्य बोलावं लागतं: "सर्व्हर बंद शे, सकाय या." सकाळी परत तेच. माझ्या हातात काही आहे का?
— केंद्रचालक, शिरपूर तालुका

भाऊ, सर्व्हर तुमच्या हातात नाही. त्या माणसाचा दिवस वाचवणं थोडंफार आहे.

आधी बंद काय आहे ते ओळखा. मोबाइलचा डेटा लावून दुसऱ्या कंपनीच्या नेटवरून तेच पोर्टल उघडा. तिथे उघडलं तर दोष तुमच्या लाइनचा. दोन्हीकडे ५०३ किंवा देखभालीचं पान आलं तर ते तिकडे काम करताहेत. ५०२ किंवा ५०४ आला तर समोरचा दरवान जागा आहे, आत कुणी उत्तर देत नाही. असं बहुतेकदा गर्दीने होतं, आणि गर्दी दुपारी किंवा रात्री उतरते. पानच न उघडता नुसतं चक्र फिरत राहिलं तर पंधरा टॅब उघडून रिफ्रेश मारू नका. जिल्ह्याजिल्ह्यातली केंद्रं तेच करत असतात आणि उठू पाहणारा सर्व्हर त्यानेच परत बसतो.

मग माणसाला रिकाम्या हाताने पाठवू नका. कागद तपासून, स्कॅन करून, माहिती एका फाइलमध्ये टाइप करून घ्या. पोर्टल रात्री दहाला सुरू झालं तरी तुम्ही भरू शकता. ओटीपी लागणार असेल तर मोबाइल कुणाजवळ असतो ते विचारून ठेवा. बऱ्याचदा तो नंबर घरातल्या पोराचा असतो आणि पोरगा सुरतेला कामाला गेलेला असतो. फॉर्म भरला गेला की फोन करून सांगायचं. परत यायची गरज फक्त अंगठा लागणार असेल तरच.

ही झाली तुमची बाजू. पोर्टल चालवणाऱ्यांपैकी कुणी हे वाचत असेल तर त्यांना सांगते: बंद ठेवणं गुन्हा नाही. रेल्वेचं ऑनलाइन आरक्षण रोज रात्री पावणेबारा ते बारा वीस बंद असतं. वर्षानुवर्षं. कुणी आरडाओरडा करत नाही, कारण ते सगळ्यांना पाठ आहे. तुमची बंदची वेळ केंद्रचालकाला आदल्या दिवशी मराठी एसएमएसने का कळू नये? "थोड्याच वेळात सुरू होईल" या वाक्याचा मला मनस्वी राग आहे. वेळ माहीत नसेल तर "पुढची माहिती दुपारी दोनला देऊ" असं लिहा, आणि दोनला द्या, जरी सांगण्यासारखं नवीन काही नसलं तरी. अर्जाची शेवटची तारीख बंदच्या दिवसांत येत असेल तर मुदतवाढ त्याच सूचनेत जाहीर करा, बंद संपल्यावर तिसऱ्या दिवशी नाही. ही सूचना मुख्य पोर्टलवर ठेवू नका एवढं तरी पाळा. जो बंद पडणार आहे त्याच्यावरच तो बंद असल्याची बातमी लावतात लोक!

*

ताई, मी धुळ्याची, कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करून नोकरीला लागून सहा महिने झाले. आमच्याकडे दोन अॅप्लिकेशन सर्व्हर, पुढे येणाऱ्यांना दोघांत वाटून देणारा लोड बॅलन्सर आणि एक पोस्टग्रेस डेटाबेस आहे. साहेब म्हणतात पुढच्या आवृत्तीला एक सेकंदही बंद नको. मला एकटीला करायचंय. कुठून सुरुवात करू?
— तुमची वाचक

तुझं पत्र वाचून बरं वाटलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सुरुवात गणितापासून कर. दोन सर्व्हरपैकी एक काढला तर दुसरा एकटा सगळा भार ओढेल का? दोघेही दुपारी साठ-सत्तर टक्क्यांवर चालत असतील तर नाही ओढणार. मग तुझ्याकडे दोन सर्व्हर आहेत ते कामाला, जादा कुणीच नाही. अशा वेळी रात्रीची वेळ घे किंवा भाड्याने तिसरा उभा कर. साहेबांना हे आधी सांग, नंतर नाही.

मग एकेक करून. लोड बॅलन्सरला सांगायचं की पहिल्याकडे नवीन माणूस पाठवू नको, पण जे आत आहेत त्यांचं होऊ दे. याला ड्रेन करणं म्हणतात. आतले संपले की बंद कर, नवी आवृत्ती चढव, सुरू कर. इथे लोक घाई करतात. प्रोसेस सुरू झाली म्हणजे सर्व्हर तयार झाला असं नसतं. लोड बॅलन्सर ज्या पत्त्यावर 'बरा आहेस ना' विचारतो, त्या पानाने डेटाबेसशी जोडणी झाली का हे बघूनच हो म्हणायला हवं. नुसतं 'ओके' छापणारं पान असेल तर ते आधी दुरुस्त कर. पहिल्यावर थोडा वेळ खरी वर्दळ जाऊ दे, चुकांचा लॉग बघ, मग दुसऱ्याला हात लाव.

लॉगिन कुठे साठवलंय? सर्व्हरच्या स्वतःच्या मेमरीत असेल तर तो बंद करताच त्याच्यावरचे सगळे लोक बाहेर फेकले जातील. फॉर्म अर्धा भरलेला असेल त्यांचा. सेशन, म्हणजे लॉगिनची ही नोंद, रेडिससारख्या वेगळ्या साठ्यात किंवा डेटाबेसमध्ये हलव. हे काम नव्या आवृत्तीच्या आधीच्या आठवड्यात उरक, त्याच रात्री नको. आणि इंजिनएक्सचं सेटिंग बदललंस तर 'रीस्टार्ट' करू नको, 'रीलोड' कर. रीलोडमध्ये जुने कामकरी हातातलं काम संपवून जातात आणि नवे नव्या सेटिंगने उभे राहतात. त्याआधी सेटिंग तपासायची आज्ञा चालव, एक अर्धविराम राहिला तरी ती सांगते.

इथवरचं सगळं आठवड्याभरात शिकशील. खरी परीक्षा डेटाबेसची, कारण तो एकच आहे आणि अदलाबदल चालू असताना जुनी आणि नवी, दोन्ही आवृत्त्या त्याच्यावरच चालणार. म्हणजे त्या अर्ध्या तासात टेबल असं असायला हवं की दोघींनाही चालेल. 'नाव' हा एक रकाना तोडून 'पहिलं नाव' आणि 'आडनाव' करायचंय असं समज. थेट बदललंस की जुनी आवृत्ती त्याच सेकंदाला कोसळेल. म्हणून आधी दोन नवे रकाने नुसते वाढवायचे, जुना तसाच. मग अशी आवृत्ती चढवायची जी दोन्हीकडे लिहिते, पण वाचते जुन्यातून. मग जुन्या नोंदी थोड्या थोड्या करून नव्या रकान्यांत भरायच्या, एका झटक्यात लाखभर नाही. मग वाचणं नव्यावर न्यायचं. काही दिवस सगळं शांत राहिलं की जुन्यात लिहिणं थांबवायचं आणि मगच तो काढायचा. एका बदलाचे चार-पाच हप्ते होतात. कंटाळवाणं आहे, साहेबांना 'हे एवढं कशाला' वाटेल, पण जुना रकाना काढेपर्यंत यातल्या प्रत्येक पायरीवरून मागे फिरता येतं. थेट केलेल्या बदलावरून मागे फिरायचं म्हणजे जुना बॅकअप परत बसवायचा, आणि मधल्या वेळेत आलेल्या नोंदी सोडून द्यायच्या.

पोस्टग्रेस आहे म्हणून आणखी दोन-तीन गोष्टी. इंडेक्स, म्हणजे टेबलात पटकन शोधायची सूची, बांधताना 'कॉन्करंटली' हा शब्द विसरू नको. तो नसेल तर इंडेक्स तयार होईपर्यंत टेबलात कुणालाच लिहिता येत नाही. तसं बांधणं मध्येच फसलं तर निकामी इंडेक्स मागे राहतो, तो शोधून काढून टाकायचा. रकाना वाढवताना ठरावीक किंमत द्यायची असेल तर ११ व्या आवृत्तीपासून ते चटकन होतं, आधी सगळं टेबल पुन्हा लिहिलं जायचं. तुमची आवृत्ती कोणती ते बघून ठेव.

आणि कुलुपाची गोष्ट. टेबलाची रचना बदलायची आज्ञा स्वतः बहुतेकदा एका क्षणात होते, पण तिला आधी पूर्ण कुलूप लागतं. कुणी त्या टेबलावर वीस मिनिटांचा अहवाल काढत बसला असेल तर ती आज्ञा त्याच्यामागे थांबते, आणि तिच्या मागे आलेले सगळे, साधं वाचायला आलेलेसुद्धा, तिच्यामागे थांबतात. रेल्वे फाटकाशी एक ट्रक आडवा लागावा आणि मागे थेट गावापर्यंत रांग जावी, तसं. बाहेरून बघणाऱ्याला साइट बंदच. म्हणून आज्ञेच्या आधी 'लॉक टाइमआउट' दोन-तीन सेकंदांचा लाव. कुलूप मिळालं नाही तर आज्ञा आपणहून मागे हटेल, रांग सुटेल, आणि तू थोड्या वेळाने परत प्रयत्न कर.

साहेबांच्या 'एक सेकंदही नको'चं काय करायचं? पोस्टग्रेसची मोठी आवृत्ती बदलायची वेळ येईल तेव्हा एका डेटाबेसवर शून्य सेकंद जमणार नाही. दुसरा जोडीला उभा करून त्याच्याकडे सगळं वाहतं करावं लागेल आणि बदलीच्या वेळी थोडा वेळ लिहिणं थांबवावंच लागेल. तो खर्च कागदावर मांडून त्यांच्यापुढे ठेव. शेजारी लिही: पहाटे तीनला पाच मिनिटं बंद, आधी सूचना देऊन, खर्च शून्य. ठरवू दे त्यांना. शुक्रवारी संध्याकाळी काही चढवायला सांगितलं तर मात्र साफ नाही म्हण.

*

होस्टिंगवाला "९९.९ टक्के चालू" अशी हमी देतो. म्हणजे जवळजवळ कधीच बंद नाही ना?
— कापड दुकानदार, चाळीसगाव

वर्षाला पावणेनऊ तास बंद राहिलं तरी हमी पाळली असं होतं. महिन्याला साधारण ४३ मिनिटं. आणखी एक नऊ वाढून ९९.९९ झालं की वर्षाला ५२ मिनिटं उरतात. करारातली बारीक अक्षरं वाचा, काका: 'पूर्वसूचनेने केलेली देखभाल' पुष्कळ ठिकाणी या हिशेबात धरतच नाहीत. आणि हमी मोडली तर ते काय देतात? बहुधा पुढच्या बिलात थोडी सूट. दिवाळीच्या आदल्या दिवशीचं गिऱ्हाईक काही देत नाहीत.

*

आमच्या कारखान्याचा लिनक्स सर्व्हर ऑफिसातच आहे. तीन वर्षांत एकदाही रीस्टार्ट केलेला नाही, असा दणकट. नवीन आलेला मुलगा म्हणतो रीस्टार्ट करायला हवा. चालत्या गाड्याला खीळ कशाला?
— धुळे औद्योगिक वसाहतीतून

त्या मुलाचा पगार वाढवा.

तीन वर्षं रीस्टार्ट नाही म्हणजे तीन वर्षांतल्या कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, सुरक्षा-दुरुस्त्या डिस्कवर उतरल्या असतील, पण चालतंय ते जुनंच. दुरुस्ती चालू कर्नललाच लावायची सोय आहे. लिनक्सच्या ४.० आवृत्तीत, २०१५ साली, तिचा पाया मूळ कर्नलमध्ये आला, त्याआधीपासून केस्प्लाइस नावाचं साधन होतं. पण ती मोजक्या आणि तातडीच्या दुरुस्त्यांसाठी असते, आणि बऱ्याच कंपन्या तिचे पैसे घेतात. तुमच्याकडे ती लावलेली नसणार.

मला जास्त भीती दुसऱ्या गोष्टीची आहे. या तीन वर्षांत कुणी ना कुणी हाताने काहीतरी चालू केलं असेल, एखादी डिस्क जोडली असेल, आणि ते बूटच्या वेळी आपोआप लागेल अशी सोय केली नसेल. हे कुणालाच माहीत नाही, तो बंद होऊन चालू होईपर्यंत कळणारही नाही. मे महिन्यातल्या दुपारी बाहेर पंचेचाळीस अंश असताना वीज गेली, यूपीएस संपला, एसी बंद, आणि तेव्हा हा पहिल्यांदा उठायला लागला, तर? त्यापेक्षा एखाद्या रविवारी सकाळी, बॅकअप घेऊन, तो बॅकअप दुसऱ्या मशिनवर खरंच उघडतो का बघून, मुलाला समोर बसवून रीस्टार्ट करा. काय काय आपोआप उठलं नाही ते कागदावर लिहायला लावा. पुढच्या महिन्यात परत. तोवर यूपीएसच्या बॅटऱ्या आणि एसीची जाळी तेवढी बघून घ्या, धुळ्यात धुळीला काय तोटा.

*

सराफ बाजारात आमची पेढी आहे. वेबसाइट एका होस्टिंगवरून दुसऱ्यावर न्यायची आहे. त्या दिवशी साइट आणि ईमेल दोन्ही बंद राहतील असं सांगताहेत. लग्नसराई आहे, कसं करावं?
— जळगाव

बंद राहायचं कारण नाही, फक्त तयारी दोन दिवस आधी सुरू करावी लागेल.

तुमच्या साइटचं नाव कोणत्या मशिनकडे जातं हे डीएनएसमध्ये, म्हणजे इंटरनेटच्या पत्त्यांच्या वहीत, लिहिलेलं असतं, आणि ते उत्तर किती वेळ लक्षात ठेवायचं तेही, सेकंदांत. त्याला टीटीएल म्हणतात. तो ८६४०० असेल तर बदल केल्यावरही दिवसभर काही लोक जुन्याच मशिनवर जात राहतील. आज तो ३०० करा, म्हणजे पाच मिनिटं. पण हा बदल लागू व्हायलाही जुना टीटीएल संपावा लागतो, म्हणून एक पूर्ण दिवस थांबा. लोक टीटीएल कमी करतात आणि त्याच तासात साइट हलवतात, मग 'डीएनएसने घोळ केला' म्हणतात.

मधल्या वेळेत नव्या मशिनवर सगळं मांडा, साइट सुरक्षित असल्याचं ब्राउझरला पटवणारं एसएसएलचं प्रमाणपत्रही. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं फुकट प्रमाणपत्र ९० दिवसांचं असतं, ते आपोआप नवं होण्याची सोय नव्या जागी परत लावावी लागते. नाहीतर तीन महिन्यांनी गिऱ्हाइकाला 'ही साइट सुरक्षित नाही' दिसेल, आणि सोन्याच्या दुकानाला ते परवडायचं नाही. नवीन मशिन तपासायला डीएनएस बदलायची गरज नाही, आपल्या कॉम्प्युटरच्या 'होस्ट्स' फाइलमध्ये नवा पत्ता लिहिला की फक्त आपल्याला नवी साइट दिसते.

बदलाच्या वेळी ऑर्डर आणि चौकशीचे फॉर्म जुन्या साइटवर बंद करा, शेवटचा डेटा नव्यावर आणा, मग डीएनएस बदला. फॉर्म दोन्हीकडे चालू राहिले तर अर्ध्या ऑर्डरी इकडे आणि अर्ध्या तिकडे पडतील. जुनं मशिन निदान आठवडाभर चालू ठेवा. काही ठिकाणचे डीएनएस टीटीएल मानतच नाहीत.

ईमेलची नोंद वेगळी असते, एमएक्स. साइट हलवताना तिला हात लावायची गरज नाही, मेल नंतर सावकाश हलवा. तुमचा मेल सर्व्हर दोन-चार तास बंद राहिला तरी आलेली पत्रं हरवत नाहीत. पाठवणारा सर्व्हर परत परत प्रयत्न करतो, चार-पाच दिवस करत राहावं असंच त्यासाठी सांगितलेलं आहे. हरवतात ती जुन्या होस्टिंगवर साठलेली पत्रं, खातं बंद केल्यावर. ती आधी उतरवून घ्या, आणि जुन्या खात्याचं पुढच्या महिन्याचं भाडं भरून टाका.